महाराष्ट्रातला सिंधुदुर्ग आणि गोव्यातलं पेडणे यांची बोली, देव, सोयरिकी सारख्याच. मग मध्ये राज्याची सीमा कशी आली?

मी सावंतवाडी तालुक्यातला, तेरेखोल नदीकाठचा. आजीचं माहेर नदीपलीकडे, पेडण्यात. ही रेघ पोर्तुगिजांनी आखली, आणि १९६७ मध्ये गोंयकारांनी मतं देऊन ती राखली. यातलं पहिलं सगळे सांगतात, दुसरं आमच्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

पेडणे महाल मुळात सावंतवाडीकर भोसल्यांचा. तो १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेला. तेरेखोलचा किल्ला त्याआधीच, १७४६ मध्ये गेला होता. नदीच्या उत्तरेला, म्हणजे आमच्या काठावर असूनही तो आजतागायत गोव्यातच आहे. गोव्यातले तिसवाडी, बारदेश, साष्टी हे तालुके मात्र सोळाव्या शतकापासून पोर्तुगिजांकडे.

तरी सोयरिकी होतच होत्या. आजी होडीतून नदी उतरून सासरी आली. सीमा काय असते ते तिला कळलं १९५५ साली. १५ ऑगस्टला सीमेवरच्या पत्रादेवीला गोवामुक्तीसाठी आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. मग भारताने नाकेबंदी केली आणि परवान्याशिवाय पलीकडे जाता येईना. त्याच काळात आजीचे वडील वारले. तिला निरोप मिळाला तेव्हा बारावं होऊन गेलं होतं. काठावरून माहेरचे माड दिसायचे. मला ती ते बोटाने दाखवायची, बोलायची काही नाही.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा आता रेघ पुसली, असंच आमच्या घरी सगळ्यांनी धरलं होतं. पण १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. पेडणे फुलाकडे झुकलं, साष्टी दोन पानांकडे. आजीचे भाऊ फुलाचे.

आजीचं दुःख माझ्या घरातलं आहे. पण कोकणी ही मराठीची नुसती बोली ठरेल, आपला कारभार मुंबईहून चालेल, ही साष्टीकरांची भीतीही खरी होती. म्हणून हा कौल मी मनापासून मानतो.

३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं. आता नदीवर पूल आहे, मोटारसायकलवरून मी दहा मिनिटांत आजीच्या माहेरी पोचतो. पण गोव्याच्या सरकारी इस्पितळात परराज्यातल्या रुग्णांना २०१८ पासून शुल्क लागू झालं, आणि एकाच देवीला नारळ ठेवणाऱ्या दोन घरांपैकी एक घर तिथे बाहेरचं ठरलं.