फ्लूचा व्हायरस तर नाका-घशात असतो, मग भूक का मरते आणि डोकं का चालत नाही? तो मेंदूत शिरतो का?

नाही, साध्या फ्लूत व्हायरस बहुतेक वेळा मेंदूपर्यंत पोचतच नाही. अंग मोडून येणं, जेवणावरची वासना उडणं, दोन ओळी वाचल्या तरी डोक्यात न शिरणं, हे सगळं मेंदू स्वतः घडवून आणतो, शरीरातून निरोप आला म्हणून.

पटत नसेल तर कोविशील्ड घेतल्यानंतरची रात्र आठवा. त्या लसीतला व्हायरस शरीरात वाढूच शकत नाही, तरी किती जण दुसऱ्या दिवशी तापाने फणफणून पडले होते! पूर्वी हिपॅटायटिस सी च्या पेशंटना इंटरफेरॉनची (इम्यून पेशी एकमेकींना इशारा द्यायला वापरतात त्या प्रथिनाची) इंजेक्शनं द्यायचे, त्यांनाही सेम फ्लूसारखी कणकण यायची आणि काहींना तर चक्क डिप्रेशन. म्हणजे आजारी वाटायला जंतूच हवा असं काही नाही.

आता निरोप जातो कसा? जुनं उत्तर म्हणजे रक्तातून. इम्यून पेशी इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ असली सायटोकाइन, म्हणजे निरोप नेणारी प्रथिनं, सोडतात, त्यामुळे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं रसायन तयार होतं आणि ते हायपोथॅलॅमसला (मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या भागाला) तापमान वाढवायला लावतं. पॅरासिटामॉलने ताप उतरतो तो हे प्रोस्टाग्लँडिन कमी बनतं म्हणून.

पण २०२३ मध्ये हार्वर्डच्या स्टीफन लिबर्लेस यांच्या लॅबने नेचर या विज्ञान मासिकात जे छापलं ते मला जास्त भारी वाटतं. त्यांनी उंदरांना इन्फ्लुएंझा दिला आणि नाकामागे, घशाच्या वरच्या भागात पोचणाऱ्या नसेतल्या मोजक्याच न्यूरॉन्सवर प्रोस्टाग्लँडिन ई-२ ओळखणारा रिसेप्टर सापडला, ईपी-३ नावाचा. हे न्यूरॉन थेट ब्रेनस्टेमला, म्हणजे मेंदूच्या बुडख्याला, कळवतात, म्हणजे रक्ताचं टपाल पोचायच्या आत फोन गेलेला असतो. ते न्यूरॉन काढून टाकले, किंवा त्यांच्यावरचा फक्त तो रिसेप्टर काढला, तर इन्फेक्शन असूनही सुरुवातीच्या दिवसांत उंदीर बऱ्यापैकी खात-पीत, फिरत होते. आणि गंमत म्हणजे ते जास्त संख्येने जगले! आजारी वाटणं शरीराच्या भल्यासाठीच असतं असं सगळीकडे ठोकून सांगतात ना, ते इतकं सरळ नाहीये. अर्थात उंदीर तो उंदीर, माणसात तसंच होईल असं लगेच धरू नका.

बरं झाल्यावरही डोकं जड राहतं त्याचं कारण वेगळं असू शकतं. २०२२ मध्ये मिशेल मोंजे आणि अकिको इवासाकी या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या टीमने उंदरांना फक्त श्वसनमार्गात सौम्य कोविड दिला, मेंदूत व्हायरस सापडला नाही, तरी मेंदूतल्या मायक्रोग्लिया, म्हणजे तिथल्या राखणदार इम्यून पेशी, सात आठवड्यांनीही खवळलेल्या होत्या आणि हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींशी संबंधित भागात, नवीन न्यूरॉन कमी बनत होते. लाँग कोविडचा (कोविड बरा झाल्यावरही रेंगाळणाऱ्या त्रासाचा) ब्रेन फॉग, म्हणजे डोकं न चालणं, म्हणतात त्यामागे हे असण्याची बरीच शक्यता धरतात.

बाकी घरी कोणी फ्लूने आडवं असेल तर पोळीभाजीची जबरदस्ती करू नका, पेज, पाणी चालू ठेवा. लहान मुलांना फ्लूत ॲस्पिरिन अजिबात नको, त्याने राय सिंड्रोम, म्हणजे मेंदू आणि लिव्हरला सूज आणणारा गंभीर आजार, होऊ शकतो. आणि पेशंट असंबद्ध बोलायला लागला, उठवून उठत नाही किंवा झटका आला तर ते वर सांगितलेल्या नेहमीच्या मरगळीतलं नाही, तडक हॉस्पिटल गाठा.