वर्ग मी केला, आत मात्र सासूबाई

"मावशी, मी 32 वर्षांचा, चिंचवडला राहतो. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. बायकोला आठवा लागलाय, पहिलीच वेळ. आम्ही दोघांनी मिळून बाळंतपणाच्या तयारीचा वर्ग केला. दर शनिवारी असायचा, मी एकही चुकवला नाही, शिफ्ट बदलून घेतल्या. श्वास कसा घ्यायचा, कळांमधलं अंतर कसं बघायचं, कमरेवर दाब कुठे द्यायचा, सगळं वहीत लिहिलंय. तिथे बर्फाचा खडा मुठीत धरून श्वासाचा सराव करायचा असतो. मी तिला सेकंद मोजून देत होतो. ती एकदा म्हणाली, 'मोजू नकोस रे.' पण शिकवणाऱ्या मॅडमनी सगळ्यांसमोर मलाच शाबासकी दिली.

आता डोहाळजेवण झालं, पुढच्या आठवड्यात ती साताऱ्याला माहेरी जाईल. तिथल्या हॉस्पिटलात लेबर रूममध्ये एकाच माणसाला सोडतात. मी धरूनच चाललो होतो की तो मीच. परवा जेवताना ती सहज बोलून गेली, 'आत आई असेल.' मी म्हटलं, मग इतके शनिवार मी काय टाइमपास करायला येत होतो? ती रडली. तेव्हापासून घरात कामापुरतं बोलणं. सासूबाई म्हणतात, पुरुषांचं तिथे काय काम. माझी आईही त्यांच्याच बाजूची. मित्र म्हणतात, सुटलास. मला सुटायचं नाहीये. तिला कसं पटवू?"

अरे बाबा, पटवायला जाऊच नकोस. कळा तिला येणार आहेत, आत कोण हवं ते ती ठरवणार, आणि त्याचं कारण तिनं कुणाला दिलंच पाहिजे असंही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण यापुढे मी तुझी बरीच बाजू घेणार आहे.

तुला लागलं ते साहजिक आहे. आमच्या वेळी नवरे हॉस्पिटलबाहेर टपरीवर चहा पीत उभे असायचे आणि पेढ्यांची ऑर्डर देणं एवढंच त्यांच्याकडे असायचं. तू वही घेऊन वर्गात बसलास. तुझी आई आणि सासूबाई 'पुरुषांचं काय काम' म्हणतात ते मला मुळीच मान्य नाही. काम ढीगभर आहे. फक्त तू जे धरून बसलायस, ते नव्हे.

तुझ्या पत्रात मी त्या बर्फाच्या खड्यापाशी अडकले. मूठ झोंबतेय, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतंय, ती डोळे मिटून आपला श्वास सांभाळू बघतेय आणि कानाशी तुझं चालू आहे, 'चाळीस, पंचेचाळीस, सोड श्वास, अजून पंधराच!' ती म्हणाली, मोजू नकोस. त्यावर तू काय केलंस ते पत्रात नाही. शाबासकी मिळाल्याचं मात्र आहे. म्हणजे बहुधा तू मोजतच राहिलास. दिवसभर मापं घेणाऱ्या माणसाची सवय सुटत नाही, कबूल. पण ती काही तुझ्या लाइनवरून उतरलेला पार्ट नाही.

थोडा दोष त्या वर्गांचाही आहे. 1951 साली फर्नां लमाझ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं सोव्हिएत रशियात कळा सोसण्याचं श्वासाचं तंत्र पाहिलं आणि ते पॅरिसला नेलं. त्याच्या पद्धतीत बाळंतिणीशेजारी बसायची ती खास शिकवून तयार केलेली बाई. नवऱ्याला 'कोच' करून उभं करायची कल्पना अमेरिकेतली. तिथल्या रॉबर्ट ब्रॅडली या डॉक्टरनं 1960 च्या दशकात ती लोकप्रिय केली. कल्पना चांगल्या मनाची होती, कारण तोवर नवऱ्यांना दाराबाहेरच ठेवत. पण कोच म्हटलं की माणूस सूचना द्यायला लागतो. कळ येत असताना सूचना ऐकायची हौस कुणालाही नसते.

आता तुझ्या कामाची माहिती. कळांच्या वेळी जवळ सतत कुणीतरी आपलं माणूस असलं की प्रसूती लवकर होते आणि सिझरचं प्रमाण कमी होतं, हे जगभरच्या अभ्यासांतून पुढे आलंय. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही तीच आहे, मात्र सोबत 'तिच्या पसंतीची' हवी, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आपल्या केंद्र सरकारनं 2016 साली सरकारी दवाखान्यांत अशी सोबतीण ठेवायला परवानगी दिली, तेव्हाही भर होता तो स्वतः बाळंतपणातून गेलेल्या नात्यातल्या बाईवर. नवऱ्याला कुठे सोडायचं, तर जिथे लेबर रूममध्ये पुरेसा आडोसा आहे तिथे. तेव्हा बायकोनं आईचं नाव घेतलं यात जगावेगळं काही नाही.

आणि एक गोष्ट वर्गात फार हळुवार करून सांगतात, ती मी सरळ सांगते. जोर देताना शी होऊ शकते. उलटी होते. अंगावर कपडा कुठे आहे याची शुद्ध नसते, तोंडातून काय निघेल याचा नेम नसतो. हे सगळं आईसमोर झालं तर लेकीला लाज वाटत नाही, कारण आईनं हे तिचं लहानपणापासून काढलंय. नवऱ्यासमोर काहींना चालतं, काहींना नाही. तुझ्या बायकोला हे नकोसं वाटत असेल, किंवा तुझं मोजणं नकोसं वाटत असेल, किंवा फक्त आई हवी असेल. मला ठाऊक नाही. तुलाही नाही, कारण तू विचारलंच नाहीस, उलट हिशेब मांडलास.

तर आज जाऊन पहिल्यांदा 'टाइमपास'बद्दल माफी माग. ती मागताना 'पण' नको. मग विचार, "वर्गात जे जे केलं त्यातलं तुला खरंच बरं काय वाटलं? आणि वैताग कशाचा आला?" उत्तर येईपर्यंत गप्प बस. 'मीच का नको' हा प्रश्न अजिबात काढू नकोस, कारण मग तिला तुझी समजूत काढत बसावं लागेल. आठव्या महिन्यात ते ओझं कशाला? तुला वाईट वाटलं हे तिला कळू दे, जरूर कळू दे, पण एका वाक्यात.

पुढची तपासणी साताऱ्यात असेल तेव्हा सोबत जा आणि हॉस्पिटलात नीट चौकशी कर. 'एकच माणूस' म्हणजे एका वेळी एक, की सुरुवातीला जो आत गेला तोच शेवटपर्यंत? बदलून बसता येतं का? रात्री वेगळा नियम आहे का? लेबर रूम स्वतंत्र आहे, की एका खोलीत पडदे लावून दोन-तीन जणी? पडदेच असतील तर पुरुषांना न सोडण्यात शेजारणीचाही विचार आहे, तिथे वाद घालू नकोस. बदलून चालत असेल तर कदाचित सासूबाई चहाला बाहेर येतील तेव्हा तू आत. तेही तिनं 'ये' म्हटलं तर. सिझर करायचं ठरलं तर बऱ्याच ठिकाणी ऑपरेशन थिएटरमध्ये तुला घेत नाहीत आणि सासूबाईंनाही नाही, तेवढं लक्षात असू दे.

शिकलेलं वाया जातंय असं वाटतंय ना? पहिलटकरणीच्या कळा काही सिनेमातल्यासारख्या धाडकन येऊन तासाभरात संपत नाहीत. गर्भाशयाचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ किती लांबेल याचा नेम नाही. त्यानंतरही पहिल्या वेळी साधारण बारा तासांपर्यंत लागू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटनेचं 2018 चं मार्गदर्शन सांगतं. सुरुवातीचा बराचसा वेळ घरीच जातो. तिथे कुणी एकालाच सोडत नाही! कळ आली की कमरेखाली, माकडहाडाच्या जरा वर, तळव्याच्या मनगटाकडच्या भागानं दाबून धरायचं आणि कळ ओसरली की सोडायचं. ती 'जोरात' म्हणाली तर जोरात, 'हात काढ' म्हणाली तर तत्क्षणी काढायचा. तिला अंगणात चालवायचं, पाणी प्यायला लावायचं. कळा किती मिनिटांनी येताहेत ते मोबाइलवर मुकाट्यानं टिपायचं आणि डॉक्टर विचारतील तेव्हा सांगायचं. अंगावरून पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर टिपत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल.

दाब देण्याची ही युक्ती सासूबाईंनाही यायला हवी, नाही का? पण तू वही उघडून त्यांना शिकवायला बसू नकोस, जावयाचा क्लास कुणाला आवडेल! बायकोलाच सांग, "आईला दाखव ना, तुला कुठे दाबलेलं बरं वाटतं." मायलेकी आपसात बघून घेतील.

दाराबाहेरही तूच लागणार आहेस. फाईल, आधार कार्ड, कंपनीच्या विम्याचं कार्ड, कॅशलेसच्या मंजुरीसाठी खिडकीवर घालायचे हेलपाटे, रक्ताची सोय करायला सांगितली तर ती, हे सासरे करतील असं गृहीत धरू नकोस. नातेवाइकांचे फोन तू घे. 'झाली का?' 'अजून नाही?' 'काय झालं?' यातलं काहीही तिच्या कानावर जाता कामा नये. ग्रुपवर फोटो कधी टाकायचा, हे तिला विचारून.

एक व्यवहाराची गोष्ट. रात्री अडीचला फोन आला तर चिंचवडहून साताऱ्याला पोचायला किती वेळ लागेल याचा नीट विचार कर. खंबाटकी घाटात एखादा ट्रक बंद पडला की काय होतं ते तुला मी सांगायला नको. गाडी एकट्यानं चालवू नकोस, बरोबर कुणाला तरी घे. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं थोडी; 37 ते 42 आठवड्यांत केव्हाही वर्दी येऊ शकते. म्हणून सगळी रजा तारखेच्या आसपास ताटकळत उडवू नकोस. बायको नोकरी करत असेल तर तिला कायद्यानं 26 आठवड्यांची पगारी रजा मिळू शकते. केंद्र सरकारी नोकर असतास तर तुला 15 दिवस मिळाले असते. खासगी कंपनीतल्या बापासाठी असा कायदा नाही, त्यामुळे कंपनी देईल ती रजा आणि तुझी साठवलेली, एवढीच पुंजी.

ती कुठे वापरायची, त्यावरून मला तुझ्याशी खरं भांडायचंय. लेबर रूममधल्या काही तासांवरून घरात अबोला धरलात. त्यानंतर ती किमान सव्वा महिना बाळाला घेऊन साताऱ्यात आणि तू चिंचवडला, त्याबद्दल तुझ्या पत्रात चकार शब्द नाही! तिथे बाप म्हणून तुझी जागा कोणती, हे कुणी ठरवलंय का? आपल्याकडे ठरवतच नाहीत. जावई शनिवारी येतो, बाळाला पाच मिनिटं मांडीवर घेतो, रडलं की परत देतो आणि रविवारी संध्याकाळी निघतो.

तू तसं करू नकोस. पहिल्या तासात बाळाला अंगावर घेणं, पहिला चीक पाजणं यात नर्स मदत करते. पण तिसऱ्या-चौथ्या रात्री दूध उतरतं, छाती दगडासारखी होते, बाळ नीट धरत नाही, टाके ओढतात आणि बायको विनाकारण रडायला लागते. तेव्हा तू तिथे असायला हवास. हे रडणं बहुतेकींचं दोन आठवड्यांत निवळतं. त्यापुढेही चाललं, बाळ झोपलं तरी तिला झोप येईना, कशातच मन लागेना, तर डॉक्टरांकडे घेऊन जा. जगण्यात अर्थ नाही असं काही बोलली तर त्याच दिवशी. 'बाळंतिणीचं असंच असतं' म्हणून कुणी वाटेला लावू लागलं तर ऐकू नकोस. आणि कुणी कौतुकानं बाळाला मध चाटवायला आणलाच तर नम्रपणे वाटी बाजूला ठेव. वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा असतो. वर्गात हेही सांगितलं असेल, वहीत बघ.

सासरी तुला बाहेरच्या खोलीत गादी घालून देतील, सकाळी पोहे, दुपारी पुरणपोळी. हा पाहुणचार एक दिवस घे. मग सांग की मला आतल्या खोलीत झोपायचंय, रात्रीची दुपटी मी बदलणार, पाजून झाल्यावर ढेकर मी काढणार. या बाबतीत हट्ट धरलास तर मी तुझ्या बाजूची. सासूबाई आधी 'अहो, राहू द्या' म्हणतील. पण त्याही माणूस आहेत, लेकीबरोबर जागून त्यांचीही कंबर धरलेली असणार. चौथ्या रात्री त्याच तुला हाक मारून उठवतील.