पोरीला टुरिझम शिकायचंय, मग हॉटेलातच काम करावं लागेल का?

चिमूर तालुक्यातून एका शेतकरी भावाचं पत्र आलंय. गाव ताडोब्याच्या बफरमधलं, म्हणजे वाघांच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यातलं, कोलारा गेटहून जवळच. चार एकर धान, धाकटा मुलगा जिप्सी चालवतो, मोठी मुलगी बी.ए. फायनलला, भूगोल आणि समाजशास्त्र घेऊन. ते लिहितात, "पोट्टी म्हनते मले शाश्वत पर्यटनात मास्टर करायचं हाये, पर्यटनाचा गावावर, समाजावर काय परिणाम होते ते शिकाचं हाये. तिचा भाऊ म्हनते जिप्सीवर बसाले मास्टर लागत नाही. आमच्या घरी बी.ए.च्या पुढं कोणी गेलं नाही. हे शिकून हॉटेलातच काम करा लागते का? खर्च झेपन का, पोट भरन का, अन् पोरीच्या जातीनं करावं का हे?" सोबत मुलीनं फोनवर शोधलेल्या चार कोर्सची यादी आहे, त्यात एक नेदरलँड्सचा पण आहे.

भाऊ, नमस्कार.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण मला वाटतं तुमचा जीव तिथंच अडकलाय. पोरीच्या जातीनं करावं, आणि बफरमधल्या गावच्या पोरीनं तर नक्कीच करावं. ताडोब्यात आज बाया गाइडचं काम करतात, खाकी घालून पहाटे जंगलात जातात, त्यांनाही पहिल्या दिवशी गावानं हेच विचारलं असेल.

आता हॉटेलचं. हॉटेल मॅनेजमेंट वेगळं, ट्रॅव्हल एजन्सीचा कोर्स वेगळा आणि तुमची मुलगी जे म्हणतेय ते तिसरंच आहे. पाहुण्याची खोली कशी लावायची हे इथं शिकवत नाहीत, तो पाहुणा गावात आला म्हणून गावाचं काय झालं हे शिकवतात. पैसा कोणाकडे गेला, जमीन कोणाकडे गेली, पाणी कोणी वापरलं, कोणाची वाट बंद झाली, शाळेतली पोरं कुठं गेली. या प्रश्नांची उत्तरं अंदाजानं नाही तर मोजून, विचारून, लिहून काढायची, आणि मग ग्रामसभेपुढं, वनखात्यापुढं, सरकारपुढं मांडायची. काम एवढंच आहे, पण ते करणारी माणसं आपल्याकडं फार कमी आहेत हो.

एक प्रसंग सांगतो. मागं एका जानेवारीत मी तुमच्याच भागात होतो. पहाटे साडेपाचला गेटवर जिप्स्यांची रांग, शेकोटीपाशी ड्रायव्हर पोरं हात शेकत उभी, गाइड बाई शाल गुंडाळून पावत्या तपासतेय, मागं पर्यटक ब्लँकेटात. सगळ्यांना काम आहे, बरं वाटलं बघून. तिथून परत येताना एका रिसॉर्टच्या मागच्या दाराशी टेम्पो उभा होता, नागपूरहून आलेला, त्यातून क्रेट उतरत होते, फुलकोबी, टमाटे, वांगे. आणि त्याच रस्त्यावर, पाचशे पावलांवर असेल, एक बाई वांग्याचं टोपलं खाली ठेवून चिमूरच्या गाडीची वाट पाहत बसली होती. मी विचारलं, बाई रिसॉर्टवाले घेत नाहीत का वांगे? ती म्हणाली, "त्यायले रोज लागते दादा, अन् बिल लागते, मायाजवळ बिल कुठं?"

भाऊ, तुमची मुलगी दोन वर्षं जे शिकणार ते त्या बाईच्या एका वाक्यात आलं. पर्यटक पैसे तर देतो, पण ते गावात न थांबता दुसरीकडं निघून जातात, याला या विषयात लीकेज म्हणतात, म्हणजे सरळ गळती. डोलाला छिद्र असलं तर विहिरीला कितीही पाणी असून काय फायदा. मग ती गळती बुजवायची कशी? केरळात कुमरकोमला २००८ च्या सुमारास यावरच काम झालं, तिथली पंचायत, हॉटेलवाले आणि कुडुंबश्रीच्या बाया, म्हणजे आपल्याकडचे बचत गट समजा, यांना एकत्र बसवलं, गटांनी भाजीपाला पिकवायचा आणि हॉटेलांनी तो ठरलेल्या भावानं घ्यायचा. एकट्या बाईला रोजचा माल आणि बिल जमत नाही, गटाला जमतं. पुढं २०१७ मध्ये केरळनं त्याचं राज्यभर रिस्पॉन्सिबल टुरिझम मिशन केलं. हे वांग्याच्या टोपल्यापासूनच सुरू होतं, पण ते जुळवायला हिशोब येणारं, हॉटेलवाल्याशी अन् ग्रामसभेशी दोघांशीही बोलता येणारं माणूस मधे लागतं. तुमची मुलगी ते माणूस होऊ शकते.

आणि तिला अभ्यासाला विषय शोधत फिरायची गरजच नाही. ताडोबा १९५५ चं राष्ट्रीय उद्यान, राज्यातलं सगळ्यात जुनं, १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, ६२५ चौरस किलोमीटर कोअर, म्हणजे आतलं राखीव जंगल, आणि भोवती अकराशेच्या आसपास बफर, त्या बफरमध्ये तुम्ही राहता. कोअरमधून बोटेझरी, नवेगाव, जामणीसारखी गावं उठून बाहेर वसली, त्या लोकांचं पुढं काय झालं, नवीन जागी देव कुठं मांडला, शेत कसं निघालं, हा एक अख्खा प्रबंध आहे. रस्त्याकडेची शेती विकून टाकलेल्या घरांत पैसा किती वर्षं टिकला, हा दुसरा. मोहफुलं वेचायला गेलेली बाई वाघाच्या हल्ल्यात जाते आणि त्याच जंगलातल्या वाघाचा फोटो दिवसभर फोनवर फिरत असतो, तर वाघाबद्दल गावाला नेमकं काय वाटतं, हा तिसरा, आणि तो फार जपून, लोकांचं दुःख समजून करायचा विषय आहे. बाहेरून आलेल्या संशोधकाला जे सांगायला लोक सहा महिने घेतील ते तुमच्या मुलीला चुलीपाशी बसल्या बसल्या सांगतील. पण तिला एक अडचण पण येईल, आपल्याच माणसांच्या चुका लिहायची वेळ येईल तेव्हा हात अडखळेल, म्हणून तिनं शिक्षण घ्यावं असं मी म्हणतोय, ते सुद्धा शिकावं लागतं.

तुमचा मुलगा म्हणतो जिप्सीला मास्टर लागत नाही. खरंय त्याचं. पण त्याला विचारा, २०१२ च्या जुलैत सुप्रीम कोर्टानं व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं पर्यटन थांबवलं होतं, ऑक्टोबरमध्ये उठवलं, ते उठलं तेव्हा राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या नियमावलीसोबत, कोअरचा जास्तीत जास्त २० टक्के भागच पर्यटनाला असं त्यात आहे. एका आदेशावर सगळ्या जिप्स्या उभ्या. २०२० मध्ये कोरोनात परत तेच. दर पावसाळ्यात कोअर तीन महिने बंद असतंच. म्हणजे गाव एकाच खुंटीला बांधलेलं आहे, आणि किती गाड्या, किती माणसं, किती रिसॉर्ट हे जंगल अन् हे गाव सोसू शकतं याला मर्यादा आहे, त्याला कॅरिइंग कपॅसिटी म्हणतात. बटलर नावाच्या अभ्यासकानं १९८० मध्ये मांडलं होतं की पर्यटनाची जागा आधी कोणाला माहीत नसते, मग गावकरी सहभागी होतात, मग बाहेरचा पैसा येतो, मग गर्दी, मग ती जागा थकते, आणि तिथून ती एकतर घसरते किंवा नव्यानं सावरते. तुमचं गाव यात कुठल्या पायरीवर आहे हे मुलाला आणि मुलीला दोघांना बसवून विचारा, मला वाटतं त्याचं उत्तर तिच्यापेक्षा चांगलं येईल, तो रोज बघतो.

आता कोर्स. इथं जरा सांभाळून. दोन वर्षांपूर्वी ब्रह्मपुरीकडचा एक मुलगा माझ्याकडं आला होता, मोठ्या शहरातल्या एका खाजगी संस्थेत टुरिझमच्या नावावर ॲडमिशन घेतलेली, वडिलांनी बैलजोडी विकून पहिली फी भरली, आणि वर्षभर त्याला रिसेप्शनवर उभं राहायचं अन् तिकीट काढायचंच शिकवलं. मुलगा गुणी होता, फक्त त्यानं कोर्सचं नाव पाहिलं, सिलॅबस पाहिला नाही. म्हणून मुलीला सांगा, यादीतल्या प्रत्येक कोर्सचा सिलॅबस उघडून तीन गोष्टी शोध. समाजशास्त्र, पर्यावरण, स्थानिक लोक यांचे पेपर आहेत का. संशोधन पद्धती म्हणजे सर्व्हे, मुलाखती, आकडेवारी शिकवतात का. आणि गावात राहून करायचं फील्डवर्क अन् प्रबंध आहे का. हे नसेल तर नाव कितीही चांगलं असो, सोडून द्या.

यादीतल्या तिघांबद्दल माझं मत सांगतो. ग्वाल्हेरची आयआयटीटीएम ही केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची संस्था, १९८३ पासूनची, नोएडा, भुवनेश्वर, नेल्लोर, गोव्यालाही कॅम्पस आहेत, तिथलं एमबीए चांगलं पण त्याचा कल इंडस्ट्रीकडं जास्त, तिच्या मनात जे आहे त्यातलं थोडंच मिळेल. इग्नू म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यापीठ, त्याचा टुरिझमचा मास्टर्स घरी राहून, नोकरी करत करता येतो, नागपूरला त्यांचं प्रादेशिक केंद्र आहे, खर्चाला हलका, पण घरी बसून स्वतः रोज अभ्यास करायची शिस्त लागते आणि बरोबर वाद घालायला वर्गमित्र नसतात. नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन विद्यापीठाचा टुरिझम, सोसायटी अँड एन्व्हायर्नमेंट हा दोन वर्षांचा कोर्स तिच्या विषयाला नेमका लागतो, निवड बरोबर केलीय पोरीनं, फक्त तो आज नको, आधी काम, थोडा अनुभव, मग स्कॉलरशिपवर.

माझ्या मनात जे पहिलं आहे ते तिच्या यादीत नाहीच. टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, तिचा तुळजापूरला ग्रामीण भागाचा कॅम्पस आहे. तिथं डिग्रीच्या नावात टुरिझम नाही, ग्रामीण विकास, उपजीविका, जल-जंगल-जमीन हे विषय आहेत, आणि गावात जाऊन राहायचं काम असतं. प्रबंध मात्र ती ताडोब्याच्या पर्यटनावर करू शकते. भूगोल अन् समाजशास्त्र आधीच आहे, पाया तयार आहे. प्रवेश सीयूईटी-पीजी या मास्टर्सच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून, फॉर्म हिवाळ्यातच निघतात, बी.ए.चा निकाल येईपर्यंत थांबलात तर वर्ष गेलं समजा.

पैशाचं. तुम्ही ओबीसीत येता असं लिहिलंय, तर कोर्सच्या आधी कागदं. जात पडताळणी, नॉन क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या पाच पोरांचं नुकसान मार्कांनी नाही, पडताळणीच्या एका कागदानं होतं, म्हणून तो अर्ज आजच टाका. २०२४ पासून आपल्या राज्यात ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक कोर्सला ॲडमिशन मिळाली तर शिक्षण शुल्क अन् परीक्षा शुल्क माफ आहे, पण ते राज्याबाहेर चालणार नाही आणि प्रत्येक कोर्सला लागूही नाही, कॉलेजला आधी विचारून घ्या. परदेशासाठी बहुजन कल्याण विभागाची वेगळी शिष्यवृत्ती आहे, त्याला विद्यापीठाचं रँकिंग, वय, उत्पन्न अशा अटी असतात, त्या वर्षाची जाहिरात नीट वाचायची. शेत गहाण ठेवून कोणताही कोर्स करू नका, हे मी हात जोडून सांगतो.

पोट भरतं का, तर सरळ सांगतो, या डिग्रीवर सरकारी नोकरी लागेलच असं नाही. कामं आहेत ती अशी: व्याघ्र प्रकल्पांकडं कंत्राटी पदं निघतात, वन्यजीव आणि उपजीविकेवर काम करणाऱ्या संस्था आहेत, मोठे रिसॉर्ट आता गावाशी जुळवून घ्यायला माणूस ठेवू लागलेत. कॉलेजात शिकवायचं असेल तर यूजीसी नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत टुरिझम ॲडमिनिस्ट्रेशन अँड मॅनेजमेंट हा वेगळा विषय आहे, मास्टर्सला ५५ टक्के लागतात, नॉन क्रीमीलेअरला ५०, पण डिग्री टिसची असली तर नेट त्याच विषयात द्यावी लागेल जो तिचा मास्टर्सचा आहे, हे आधी तपासावं. आणि गावातच करायचं तर राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलंय, तुमच्या चार एकरात, धानाच्या बांधावर, पाहुणा आणता येतो. पहिली दोन-तीन वर्षं पगार कमीच असेल. घरानं तेवढं धरून चालावं, तिच्या भावाच्या कमाईशी दर महिन्याला तुलना करू नये.

इंग्रजीला घाबरत असेल ती, पत्रात लिहिलं नाही पण असेल. वाचायचं बहुतेक इंग्रजीतच आहे. रोज एक पान, समजो न समजो, वाचायचं आणि आपल्या भाषेत चार ओळी लिहायच्या. स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर टुरिझमचे कोर्स फुकट मिळतात, त्यातला एक आत्ताच लावून बघा, गोडी लागते का ते त्यातच कळेल. जमलं तर एकदा गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला जाऊन या दोघं, त्या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून तिथं अभ्यास गट बसायचा, लोक एकत्र बसून कायदा समजून घ्यायचे, मग ग्रामसभेत निर्णय. शिकणं म्हणजे गाव सोडणं असं तुमच्या मनात असेल तर तिथं बसून बोला.

आणि एक काम या रविवारपासून. मुलीला दोनशे पानी वही घेऊन द्या. तिच्या भावानं रोज संध्याकाळी सांगायचं, आज कोणती फेरी, किती माणसं, कुठले, चहा कुठं प्यायले, जेवले कुठं, गावातून काय विकत घेतलं, आणि तिनं लिहायचं. मंगळवारी कोअर बंद, त्या दिवशी गावातल्या चार घरांत जायचं, या हंगामात पर्यटनाचे किती पैसे घरात आले ते विचारायचं, ज्या घरात एक रुपया पण आला नाही तिथं सगळ्यात जास्त वेळ बसायचं. तेंदूपत्ता सुरू होईपर्यंत एवढं झालं की वही घेऊन माझ्याकडं या, भावाला पण आणा. टिसच्या मुलाखतीला तीच वही घेऊन जायचीय तिला.