दुखणे उलटले, म्हणजे भावाचे दान वाया गेले का?

ऑटोइम्यून हेपॅटायटिसमुळे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर हल्ला करते त्या आजारामुळे, यकृत प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या मनात हा प्रश्न हमखास असतो. खानापूर तालुक्यातील एका शिक्षिकेने तो धाकट्या भावाला चहाला पाठवून मला विचारला. यकृताचा भाग त्यानेच दिला होता. काही वर्षे सुरळीत गेल्यावर तिच्या रक्तातले एसजीपीटी (यकृताची इजा दाखवणारे एन्झाइम) आणि आयजीजी (प्रतिकारशक्तीची प्रथिने) वाढले, आणि बायोप्सीत, म्हणजे यकृताचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत, जुनाच आजार दिसला. “सर, त्याला काय तोंड दाखवू?”

यकृत नवे आले तरी त्यावर चालून जाणारी प्रतिकारशक्ती रुग्णाची स्वतःचीच राहते. म्हणून साधारण चारांपैकी एका रुग्णात हा आजार कधी ना कधी उलटतो, त्यात दात्याच्या यकृताचा दोष नसतो. तिला ना कावीळ होती ना थकवा, त्यामुळे घरच्यांना लॅबचीच चूक वाटत होती. पण हा आजार बहुधा आधी रक्तातच दिसतो, आणि बरे वाटत असतानाही तपासण्या चालू ठेवायच्या त्या याचसाठी. रिजेक्शनमध्ये, म्हणजे शरीर नवे यकृत परके मानून नाकारते तेव्हाही, असेच आकडे वाढू शकतात, म्हणून बायोप्सीवाचून निदान पक्के होत नाही. डॉक्टरांनी स्टेरॉइड वाढवून प्रतिकारशक्ती आवरणारे औषध अ‍ॅझाथायोप्रिन जोडले होते. अशा उपचारांनी बहुतेकांचे यकृत टिकते. थोड्यांना पुन्हा प्रत्यारोपण लागते, हेही मी तिला सांगितले, कारण अर्धवट दिलासा पुढच्या रिपोर्टपुरताच पुरतो.

चेहरा सुजतो म्हणून स्टेरॉइड सोडून गुळवेलीचा काढा घ्यावा, असे शेजारणीने सुचवले होते. आमच्याकडे गुळवेल कुंपणावर फुकट मिळते, त्यामुळे तिने अपाय होईल असे कोणाला वाटतच नाही. मात्र गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्या इजेचे स्वरूप याच आजारासारखे होते. प्रत्यारोपण झालेल्या माणसाने हा प्रयोग करूच नये, आणि स्टेरॉइड स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.

तिच्या संमतीनेच मी भावाला आत बोलावले. त्याचा पहिला शब्द रागाचा होता: “अक्का, हे मला आधी सांगायचं न्हवं काय?” मग त्याने विचारले, की त्याचे राहिलेले यकृतही आता बिघडेल का. दात्याचे यकृत काही महिन्यांत बरेचसे भरून येते आणि यकृत दिल्याने रुग्णाचा आजार दात्याला जडत नाही, एवढे ऐकल्यावर तो औषधांच्या वेळांकडे वळला. टॅक्रोलिमस (नवे यकृत नाकारले जाऊ नये म्हणून घ्यायचे औषध) शरीरात किती आहे, या तपासणीचे रक्त सकाळची गोळी घेण्यापूर्वी द्यायचे असते. ती मात्र घरूनच गोळी घेऊन बेळगावची बस धरत होती. पुढच्या वेळी गोळी डब्यासोबत आपल्या पिशवीत ठेवायचे त्याने कबूल केले.