गावच्या रस्त्याकडेला माणसं, गायी कोरलेले शेंदूर फासलेले दगड असतात ते कशाचे?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या गावच्या दगडावर आडवे कप्पे आहेत आणि वर चंद्र-सूर्य, म्हणजे तो वीरगळच. लढताना मेलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड. शिलाहार, यादव या जुन्या राजघराण्यांच्या काळातले असे भरपूर आहेत आपल्याकडे, मारुतीच्या देवळामागे, पारावर, वेशीपाशी, कुठेही दिसतात.

तो खालून वर वाचायचा. एकदम खाली वीर आडवा पडलेला, त्याच्यावर ढाल-तलवारीची लढाई, त्याच्यावर अप्सरा त्याला दोन्हीकडून धरून स्वर्गात नेतायत आणि सगळ्यात वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलाय. चंद्र-सूर्य आहेत तोवर याची कीर्ती राहो, असा वरच्या चिन्हांचा अर्थ. आता तुमच्या दगडावर खाली गायी आहेत ना, मग तो बहुतेक कुठल्या राजाच्या युद्धात नाही, तर गावची गुरं पळवणाऱ्यांना अडवताना गेलेला आहे, आणि मला हेच फार मोठं वाटतं कारण अशा साध्या माणसाची नोंद दुसरीकडे कुठेच नाही. बहुतेक वीरगळांवर नावसुद्धा नसतं, याचं खरंच वाईट वाटतं. बोरिवलीच्या एकसरला तर वीरगळांवर वल्ह्यांची जहाजं कोरलीत, समुद्रातली लढाई!

शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड असेल तर ती सतीशिळा. आणि गाढव नि बाई असेल तर गधेगाळ, म्हणजे राजाने दिलेलं दान जो मोडेल त्याला आईवरून दिलेली शिवी. लोक घाबरतात त्याला, पण तो एक प्रकारचा सरकारी आदेशच आहे. अक्षरं दिसली तर सोडू नका, अलिबागजवळच्या आक्षीचा शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मानला जाणारा मराठी शिलालेख कितीतरी वर्षं रस्त्याच्या कडेलाच होता.

फोटो सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर काढा, तिरप्या उजेडात कोरीव काम उठून दिसतं. खडू, कोळसा, ऑइलपेंट काही लावू नका आणि खाली गुप्तधन आहे म्हणून कोणी खणायला आलं तर स्पष्ट सांगा की काही नसतं तिथे. रस्ता रुंदीकरण येणार असेल तर आधीच ग्रामसभेत विषय घ्या, पुरातत्त्व विभागाला फोटोसकट लेखी कळवा, कारण जेसीबीवाल्याला तो नुसता धोंडा दिसतो.