वाचकांचे प्रश्न : संत्रं सोललेल्या बोटाची शुगर

प्रश्न : बाबा ७१ वर्षांचे आहेत. डॉक्टरांनी घरी बीपी मोजून ठेवायला सांगितलं म्हणून ब्लूटूथवालं मशीन आणलं. पाठोपाठ तीनदा मोजलं तर वरचा आकडा १५८, १४१, १४९ असा येतो. ॲपमधून तो पुण्याला बहिणीलाही दिसतो आणि तिचा लगेच फोन येतो. मशीन बदलायचं का? – एक वाचक, सक्करदरा

उत्तर : आधी पट्टा बघा. दंडाच्या मध्यावर टेपनं घेर मोजा. मशीनसोबत मिळणारा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराचा असतो. दंड ३५ चा असेल तर तो आकडा फुगवून दाखवतो. मोठा पट्टा वेगळा विकत मिळतो. मनगटावर बांधायचं मशीन घेतलं असेल तर मात्र दंडाचंच आणा. मनगट थोडं वरखाली झालं की त्यातला आकडा बदलतो.

मोजायच्या आधी अर्धा तास चहा नको, खर्रा (तंबाखू-सुपारी) नको. (खर्रा तोंडात धरून बीपी मोजणारे आपल्याकडे कमी नाहीत.) लघवीला जाऊन यायचं. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीला. हात खाली लोंबत असला तर आकडा वाढतो. मध्येच कोणी ‘किती आलं?’ विचारलं आणि बाबांनी उत्तर दिलं, तरी वाढतो.

तिन्ही आकडे वेगळे येणं हा मशीनचा दोष नव्हे. बीपी ठोक्याठोक्याला बदलतं आणि पहिला आकडा बहुधा चढाच असतो. सकाळी गोळीआधी दोनदा आणि संध्याकाळी जेवणाआधी दोनदा मोजा, दोन्हींत मिनिटभराचं अंतर ठेवा. असं सात दिवस करा. पहिला दिवस सोडून उरलेल्या २४ आकड्यांची सरासरी डॉक्टरांना द्या. दवाखान्यातली १४०/९० ची रेषा घरच्या मोजणीत १३५/८५ धरतात.

सरासरी ॲपवर सोपवू नका, निदान पहिल्या आठवड्यात तरी. शेजारच्या काकूंनी ‘माझंही बघ ना’ म्हणून मोजून घेतलं की त्यांचा आकडा बाबांच्या नावावर चढतो. बऱ्याच मशीनवर दोन माणसांसाठी वेगळी बटणं असतात, ती वापरा. सेल बदलल्यावर काही मशीनचं घड्याळ मागे जातं आणि सकाळची मोजणी मध्यरात्रीची म्हणून नोंदली जाते. सेल बदलला की तारीख-वेळ आधी तपासा. ॲप फोनमधले नंबर किंवा फोटो बघायची परवानगी मागत असेल तर नाकारा, बीपीशी त्याचा संबंध नाही.

बहिणीला सुटा आकडा जाऊच देऊ नका. शेअरिंग बंद करून रविवारी आठवड्याचा अहवाल पाठवा. एकच अपवाद : १८०/१२० किंवा वर. तेव्हा पाच मिनिटं बसवून पुन्हा मोजा. तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. सोबत छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं यांतलं काही असेल तर पुन्हा मोजत बसू नका, थेट १०८ लावा.

मे महिन्यात उलटा त्रास होतो. घामानं अंगातलं पाणी जातं, बीपी उतरतं आणि गोळी मात्र हिवाळ्यातलीच चालू असते. उठताना चक्कर येत असेल तर बसून मोजा, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं घसरला तर डॉक्टरांना सांगा. गोळी आपल्या मनानं कमी करू नका.

प्रश्न : आमचा संत्र्याचा बगिचा आहे. तोडणीच्या दिवसांत दुपारी आईची शुगर ग्लुकोमीटरवर २८० आली. बोट स्पिरिटनं पुसूनच मोजली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये उपाशीपोटी १४२. कोणाचं खरं? – एक वाचक, काटोल तालुका

उत्तर : लॅबचं. पण दुपारचा आणि उपाशीपोटीचा आकडा मुळात एकमेकांशी ताडून बघायचा नसतो. त्यातून आईंनी संत्रं सोललं असेल किंवा फळ चाखून बघितलं असेल, तर रसातली साखर बोटाला राहते आणि रक्ताच्या थेंबात मिसळते. स्पिरिटचा बोळा ती नीट काढत नाही, अनेकदा पुसलं तरीही. साबण-पाण्यानं हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा. ओलं बोट थेंब पातळ करतं, मग आकडा खोटाच कमी येतो. बोट जोरानं पिळू नका, हात खाली सोडला की थेंब आपोआप येतो.

दुसरा संशय ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांवर. बहुतेक पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात आणि आपल्याकडे मे महिन्यात घरातही तेवढ्यावर भागत नाही. म्हणून डबी फ्रीजमध्ये टाकली तर बाहेर काढल्यावर दव धरतं. कूलरच्या झोताजवळची दमट जागाही वाईट. घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या खोलीतल्या कपाटात ठेवा. पट्टी काढली की झाकण लगेच लावा आणि डबी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. उघडल्यावर किती दिवस चालते ते डबीवर छापलेलं असतं.

एवढं सांभाळूनही मीटर १५ टक्के इकडेतिकडे दाखवू शकतं. म्हणजे १४२ ला १२१ ते १६३ पर्यंत काहीही चालून जातं. ॲपमध्ये नोंदताना ‘उपाशीपोटी’ की ‘जेवणानंतर दोन तासांनी’ ही खूण करायला विसरू नका. तिच्याशिवाय तो आलेख डॉक्टरांच्या कामाचा नाही.

प्रश्न : मी २६ वर्षांचा, मिहानमध्ये नोकरीला. महिनाभर झोप नाही, कशात मन लागत नाही. व्हिडिओवरून डॉक्टरांशी बोललं तर चालतं का? ऑफिसला कळेल का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : चालतं. सुरुवात १४४१६ पासून करा. ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. चोवीस तास, मोफत, मराठीतही. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. प्रत्यक्ष दाखवायचं असेल तर मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) मनोविकार विभाग आहे आणि मिहानमध्ये तुमच्या कामाजवळच एम्स आहे.

व्हिडिओवर बोलताना ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा ईमेल आणि ऑफिसचं वायफाय, तिन्ही टाळा. गळती झालीच तर बहुधा यांतूनच होते. डॉक्टर तुमची माहिती परस्पर कोणाला देऊ शकत नाहीत, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं गोपनीयतेचा हक्क दिला आहे. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि सही असलीच पाहिजे, नसेल तर मागून घ्या. अल्प्राझोलामसारख्या एनडीपीएस (अमली पदार्थविषयक) कायद्याखालच्या गोळ्या व्हिडिओवरून लिहून देता येत नाहीत. एखादं ॲप त्या सहज देत असेल तर तिथूनच माघारी फिरा.

ॲपवर नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ चाचणी असते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, गुण ० ते २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवा, मात्र त्यावरून स्वतःचं निदान करू नका. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल तर बेरीज बघत बसू नका. त्याच वेळी १४४१६ लावा आणि घरातल्या एकाला तरी सांगा. विचार हाताबाहेर जात असतील तर कोणाला तरी सोबत घेऊन जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा.

प्रश्न : स्मार्टवॉच रोज सांगतं की माझी गाढ झोप फक्त ४० मिनिटं झाली. ते वाचूनच थकल्यासारखं वाटतं. – एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : घड्याळ मनगटाची हालचाल आणि नाडी बघून अंदाज बांधतं. गाढ झोप खरी मोजायची तर मेंदूच्या लहरी बघाव्या लागतात. किती वाजता पडलात आणि किती वाजता उठलात, एवढं घड्याळाचं धरून चला. दोन आठवडे सकाळी तो गाढ झोपेचा आकडा उघडूच नका. घोरणं मोठं असेल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे म्हणत असतील किंवा गाडी चालवताना डुलकी येत असेल, तर घड्याळ काहीही म्हणो, झोपेची तपासणी करून घ्या.