फुलहॅम जिंकलं, पण पैज हरली?

प्रश्न : मी लेस्टरमध्ये नोकरी करतो. २ मार्च २०२५ ला एफए कप या इंग्लंडच्या फुटबॉल स्पर्धेच्या पाचव्या फेरीत फुलहॅम मँचेस्टर युनायटेडला हरवेल, अशी १०० पौंडांची पैज मी इथल्या एका परवानाधारक ॲपवर लावली. भाव ५/२ होता, म्हणजे जिंकल्यास २५० पौंड नफा आणि माझे १०० धरून ३५० पौंड. ॲपच्या पहिल्या पानावर दोनच संघ आणि दोनच भाव दिसत होते, बरोबरीचा पर्यायच नव्हता. सामना १-१ राहिला आणि पेनल्टीवर फुलहॅम ४-३ ने जिंकलं. कंपनी म्हणते, पैज हरलात. पैज लावण्याआधी मी त्या पानाचा स्क्रीनशॉट मित्राला पाठवला होता. पैजेच्या १०० पौंडांतले ५० माझ्या पुण्याच्या भावाने पाठवलेले होते, तो आता त्याचा वाटा मागतोय. ३५० पौंड हातात आले की मी हे सगळं बंद करणार आहे. काय करू?

उत्तर : कप स्पर्धेत ‘जिंकणं’ या शब्दाला दोन अर्थ असतात आणि तुमचं सगळं भांडण त्या दोन अर्थांमधलं आहे. साधी ‘मॅच रिझल्ट’ची पैज ९० मिनिटं आणि त्यापुढचा इंज्युरी टाइम एवढ्यावरच चुकती होते. जादा वेळ आणि पेनल्टी तिच्यात धरत नाहीत. त्या हिशेबाने हा सामना बरोबरीत सुटला. पुढच्या फेरीत कोण जाणार, यावरची पैज वेगळी, तिला ‘टू क्वालिफाय’ म्हणतात. २०२४-२५ च्या हंगामापासून एफए कपच्या पहिल्या मुख्य फेरीपासून पुढचे रिप्ले, म्हणजे बरोबरीनंतर पुन्हा खेळायचे सामने, बंद झाले. निकाल त्याच दिवशी लागतो, म्हणून हा गोंधळ नवख्या माणसाचा जास्तच होतो.

कोणता बाजार, म्हणजे पैजेचा कोणता प्रकार आहे ते ओळखायची सोपी खूण म्हणजे बरोबरीचा भाव. तो दिसत असेल तर पैज ९० मिनिटांची. तुमच्या पानावर तो नव्हता, हीच तुमची जमेची बाजू. दोनच भाव पाहिल्यावर कुणीही समंजस माणूस ‘पुढे कोण जाणार’ असाच अर्थ काढेल. आता बेटस्लिप, म्हणजे ॲपमधली पैजेची पावती, उघडा आणि तिथे बाजाराचं नाव काय लिहिलंय ते पाहा. ‘टू क्वालिफाय’ असेल तर वादच उरत नाही, पैसे तुमचे. ‘मॅच रिझल्ट’ असेल तर कंपनी म्हणेल, शेवटचं बटण दाबण्याआधी तुम्ही हे वाचायला हवं होतं. न वाचता क्लिक केलेल्या अटीही बांधील ठरू शकतात, हे २०२४ मध्ये कॅमलॉट लॉटरीच्या खटल्यात अपील न्यायालयाने सांगितलंय. म्हणून मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही.

तरी दार बंद झालेलं नाही. ग्राहकाशी केलेल्या कराराच्या अटी स्पष्ट असाव्यात आणि एका अटीचे दोन अर्थ निघत असतील तर ग्राहकाच्या बाजूचा अर्थ घ्यावा, असं २०१५ चा ग्राहक हक्क कायदा सांगतो (कलम ६८ आणि ६९). २०२१ मध्ये बेटफ्रेड या पैज कंपनीविरुद्ध अँड्र्यू ग्रीन या ग्राहकाने १७ लाख पौंडांचा दावा जिंकला. कंपनी ज्या अटींच्या आड उभी होती त्या पुरेशा स्पष्ट नव्हत्या आणि नीट नजरेसही आणलेल्या नव्हत्या. शिवाय २००५ च्या जुगार कायद्याचं कलम ३३५ सप्टेंबर २००७ मध्ये लागू झाल्यापासून ब्रिटनमध्ये पैजेचा करार कोर्टातून वसूल करता येतो. त्याआधी तोही मार्ग नव्हता.

एक अडचण मात्र आत्ताच सांगतो, कारण कंपनी ती काढणारच. ‘टू क्वालिफाय’चा भाव नेहमी कमी असतो, कारण बरोबरीनंतर जिंकण्याची शक्यताही त्यात मिळवलेली असते. ५/२ हा त्या दिवशीचा ९० मिनिटांचा भाव निघाला, तर तो आकडाच तुमच्याविरुद्ध साक्ष देईल. म्हणून तक्रारीत दोन मागण्या लिहा. पहिली, पूर्ण ३५० पौंड द्या. ते मान्य नसेल तर दुसरी, त्या मिनिटाला असलेल्या ‘टू क्वालिफाय’च्या भावाने पैज चुकती करा. माझ्या मते दुसऱ्या मागणीत जास्त दम आहे.

चॅटवर भांडत बसू नका. ‘ही औपचारिक तक्रार आहे’ असं लिहून ईमेल करा, सोबत स्क्रीनशॉट जोडा. तुमच्या पैजेची सगळी नोंद डेटा संरक्षण कायद्याखाली मागवा, ती साधारण एका महिन्यात द्यावी लागते. आठ आठवड्यांत तक्रार मिटली नाही किंवा कंपनीने अंतिम नकार कळवला, की तिने नेमलेल्या तंटा निवारण संस्थेकडे जा. ती कोणती ते कंपनीच्या अटींत लिहिलेलं असतं. ग्राहकाला तिथे पैसे पडत नाहीत. गॅम्बलिंग कमिशन परवाना देतं आणि नियम पाळले जातात का ते पाहतं, पण तुमचे पैसे काढून देत नाही. स्मॉल क्लेम्स कोर्ट, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांचं कोर्ट, शेवटी. मित्राला आजच सांगा, तो मेसेज पुसू नकोस.

आता तुमच्या पुण्याच्या भावाचं. हा भाग मला पैजेपेक्षा जास्त काळजीचा वाटतो. फेमा, म्हणजे भारताचा परकीय चलन व्यवस्थापन कायदा, त्याखालच्या २००० च्या नियमांत भारतातून कशासाठी पैसे पाठवता येत नाहीत याची यादी आहे आणि तिच्यात लॉटरीच्या तिकिटांबरोबर ‘फुटबॉल पूल्स’ (फुटबॉलच्या निकालांवरच्या पैजा) आणि ‘स्वीपस्टेक्स’ (बक्षिसांच्या सोडती) ही नावं छापलेली आहेत. त्याने बँकेत ‘घरखर्च’ असं कारण लिहिलं असेल तर प्रकरण आणखी वाईट. दंड रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. रक्कम लहान आहे, पण यापुढे एक रुपयाही पाठवू नकोस, असं त्याला स्पष्ट सांगा. वाट्यासाठी तो पुण्यात कोर्टात गेला तरी हाती काही लागणार नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० ने पैज निरर्थक आहे आणि जुन्या मुंबई इलाख्यात १८६५ च्या कायद्याने पैजेला जोडून केलेले करारही तसेच. कायदा काही म्हणो, जिंकलात तर त्याचे पैसे त्याला द्या. तो भाऊ आहे.

तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. ‘३५० मिळाले की बंद करणार’ ही अट घालू नका, कारण ते ३५० मिळायला महिने लागतील आणि कदाचित मिळणारही नाहीत. गॅमस्टॉपवर, म्हणजे स्वतःला ऑनलाइन जुगारातून बंद करून घेण्याच्या सेवेवर, आजच नोंदणी करा. ती मोफत आहे, सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षांसाठी करता येते आणि ब्रिटनमधल्या सगळ्या परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांना लागू होते. तक्रार चालू असताना नोंदणी केली तरी तुमचा दावा बुडत नाही.